फ्रेटबोर्ड काढणे व पुन्हा बसविणे (गिटार)

गिटारच्या नेकच्या (मानेच्या) दर्शनी बाजूवर चिकटविलेली, फ्रेट (धातूचे आडवे पडदे) बसविलेली कठीण लाकडाची पट्टी उष्णतेने सोडविणे आणि दुरुस्तीनंतर ती किंवा तिच्याऐवजी दुसरी पट्टी मूळ जागी चिकटविणे. पट्टीची जाडी साधारण ५ ते ६.५ मिमी. असून तिच्यासाठी शिसव, आबनूस किंवा मेपल वापरतात. ट्रस रॉड (तारांच्या ताणाविरुद्ध नेक सरळ ठेवणारी आतली सळई) तुटला, त्याचे टोक लाकडातून उपटले, नेकला पीळ पडला, पट्टीचा सांधा स्वतःहून उघडू लागला किंवा पट्टी पूर्ण झिजली, एवढ्याच कारणांसाठी हे काम हाती घ्यावे. फ्रेट घासणे किंवा बदलणे, तारांची उंची कमी करणे, नेकचा किरकोळ बाक काढणे यांसाठी पट्टी काढावी लागत नाही.

पट्टी वेगळी का असते, याविषयी तीन मते आढळतात. सोळाव्या-सतराव्या शतकांतील गिटारवर आतड्याच्या तातीचे पडदे नेकभोवती बांधलेले असत आणि पट्टीचा पृष्ठभाग वाद्याच्या पुढच्या फळीशी समपातळीत असे. फळीवर उचललेली, ध्वनिछिद्रापर्यंत जाणारी पट्टी अठराव्या शतकाच्या अखेरीस किंवा एकोणिसाव्याच्या आरंभी रूढ झाली असावी. नेमका काळ प्रदेशागणिक बदलतो. पहिल्या मतानुसार तारा व बोटे यांच्या घर्षणाने हलके लाकूड झिजते, म्हणून वर कठीण लाकडाचा थर आला. दुसऱ्या मतानुसार आबनुसासारख्या लाकडामुळे नेकला ताठपणा मिळतो, हे मुख्य कारण होय. तिसरे मत कारागिरीच्या सोयीचे : धातूच्या स्थिर फ्रेटसाठी खाचा पाडणे सुट्या सपाट पट्टीवर सोपे जाते, म्हणून पट्टी वेगळी झाली. परंतु तातीचे पडदे असलेल्या सतराव्या शतकातील गिटारवरही आबनुसाची वेगळी पट्टी आढळते. त्यामुळे तिचा उगम धातूच्या फ्रेटशी जोडणे अवघड आहे आणि पहिले मत अधिक संभाव्य वाटते. ताठपणा व खाचांची सोय हे नंतर लक्षात आलेले फायदे असावेत.

खाचांचे गणितही मुळात सुट्या पट्टीवर अवलंबून नव्हते. सोळाव्या शतकात इटालियन संगीतज्ञ व्हिन्चेन्झो गॅलिलेई यांनी मांडलेल्या १८ : १७ या गुणोत्तराने ल्यूट या तंतुवाद्यावरील पडद्यांच्या जागा ठरवीत. आज उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागून पुढच्या फ्रेटचे अंतर काढतात. ६४८ मिमी. स्केलवर (कंप पावणाऱ्या तारेची लांबी) पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात तो खाचांचा तुकडा) ३६.४ मिमी.वर आणि बारावा बरोबर ३२४ मिमी.वर येतो. जुनी पट्टी रद्द करून नवी करणाऱ्याने प्रत्येक अंतर नटपासूनच मोजावे. फ्रेट ते फ्रेट मोजत गेल्यास बारीक चुका साठत जातात.

पोलादी तारांचा ताण वाढल्यावर पट्टीखालच्या जागेला नवे महत्त्व आले. गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी ताण कमीजास्त करता येणाऱ्या ट्रस रॉडसाठी १९२१ मध्ये अर्ज केला व १९२३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. तेव्हापासून रॉड हा नेकमधील भाग आणि पट्टी हे त्याचे झाकण, अशी रचना हळूहळू रूढ झाली; घरी पट्टी उघडण्याची वेळ बहुधा या रॉडमुळेच येते. अपवाद महत्त्वाचा आहे. फेंडर या अमेरिकन कंपनीने १९५० पासून नेक व पट्टी एकाच मेपलच्या तुकड्यात केली आणि रॉड मागून घालून खाच गडद लाकडाच्या पट्टीने बुजविली. अशा नेकला काढण्याजोगी पट्टीच नसते. १९५८ पासून त्यांच्या गिटारवर शिसवाची सपाट तळाची जाड पट्टी दिसते. सुमारे १९६२ पासून तळ गोलाकार केलेली पातळ पट्टी येते. सपाट सांधा घरी उघडता येतो. गोलाकार सांध्यात सरळ पाते शिरत नाही आणि पातळ पट्टी फुटते, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नये. नेकच्या टोकाकडून पाहिल्यास सांध्याची रेषा सरळ की वक्र, ते कळते.

*सांध्यातील ग्लू.* कामाची पद्धत ग्लूवर ठरते. जुन्या वाद्यांत सरस असतो. कोरडा सरस नुसत्या उष्णतेला दाद देत नाही, थोडा ओलावाही लागतो. स्पिरिटचे एकदोन थेंब सांध्यात सोडल्यास तो ठिसूळ होऊन सुटतो, पण स्पिरिटने लाखेचे पॉलिश विरघळते. कारखान्यात केलेल्या बहुतेक आधुनिक गिटारमध्ये पांढरा किंवा पिवळा ग्लू असतो. तो सुमारे ६५ ते ८० अंश से. तापमानाला मऊ पडतो. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारची पट्टी सरकते, ती याच गुणामुळे. इपॉक्सीला बहुधा १०० अंशांच्या वर जावे लागते आणि तिथे लाकूड, पॉलिश व प्लॅस्टिक तिन्ही धोक्यात येतात.

*तयारी.* तारा काढून ट्रस रॉड पूर्ण सैल करावा. बोल्टने जोडलेला नेक बॉडीतून सोडवावा. नट मागून हलका ठोका देऊन काढावा. सांध्यावरून गेलेले पॉलिश दोन्ही कडांना धारदार ब्लेडने कापावे. हे राहिले तर पट्टीबरोबर पॉलिशचे पापुद्रे निघतात. मोत्याच्या शिंपल्याचे इनले (पट्टीत जडविलेल्या खुणा) उष्णता सोसतात, प्लॅस्टिकचे ठिपके व बाइंडिंग (कडेची किनार) आकसतात. जुने बाइंडिंग सेल्युलॉइडचे असल्यास ते पेट घेऊ शकते, म्हणून ते आधीच काढून ठेवणे शहाणपणाचे.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची पायरी म्हणजे खुणेच्या पिना. पहिला व बारावा फ्रेट सोल्डरिंग आयर्नने तापवून, तोंड सपाट घासलेल्या पकडीने अलगद उचलावे. त्यांच्या खाचेत, मध्यरेषेपासून सुमारे १० मिमी. बाजूला, एका खाचेत डावीकडे व दुसरीत उजवीकडे, १.५ मिमी.चे एकेक भोक पट्टीतून नेकमध्ये ४ मिमी. जाईल असे पाडावे. ड्रिलच्या पात्यावर १० मिमी.वर टेप गुंडाळली की खोली चुकत नाही. मध्यावर रॉडची खाच असते, तिथे भोक पाडायचे नाही. फ्रेटचा माथा २ मिमी.हून रुंद असल्याने काम झाल्यावर ही भोके झाकली जातात. ओल्या ग्लूवर पट्टी दाबली की ती हमखास घसरते. पिनांवाचून ती मूळ जागी आणणे हा केवळ नशिबाचा भाग उरतो. ६५० मिमी. स्केलच्या, स्थिर ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवितात तो आधार) गिटारवर पट्टी १ मिमी. मागे, हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) सरकली तर बारावा फ्रेट सुमारे अडीच ते तीन सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरतो. ती १ मिमी. आडवी सरकली तर वरच्या फ्रेटवर कडेची तार पट्टीबाहेर निसटते. पहिली चूक सॅडल (ब्रिजवरील तारांचा टेकू) घासून सावरता येते, दुसरी येत नाही.

*उष्णता व पाते.* घरची वाफ नसलेली इस्त्री पुरते. पट्टीवर ॲल्युमिनियम फॉइलचा थर ठेवून इस्त्री एका टिंबाच्या, म्हणजे सुमारे ११० अंशांच्या खुणेवर ठेवावी. उरलेले फ्रेट जागेवर राहू द्यावेत, ते उष्णता आत पोहोचवतात. ६ मिमी. शिसवातून सांध्यापर्यंत ऊब जायला आठदहा मिनिटे लागतात. वरून चटका वाढवून हा वेळ वाचत नाही. पट्टी करपते आणि तळाचा ग्लू तसाच राहतो. फ्रेटच्या कडेला तेलकट थेंब दिसू लागले तर आच कमी करावी, कारण शिसवातील नैसर्गिक तेल बाहेर येत आहे.

बोल्टच्या नेकवर सुरुवात बॉडीकडच्या टोकापासून करावी. हेडस्टॉककडचे लाकूड नाजूक असते. कडा व टोके गोल घासलेली, अर्धा ते एक मिमी. जाडीची पुट्टीची पत्ती इस्त्रीवर गरम करून सांध्यात सरकवावी. ती रेटायची नसते, हाताच्या दाबाने ग्लूमधून लोण्यासारखी गेली पाहिजे. दोनतीन सेंमी. गेल्यावर इस्त्री पुढे घ्यावी, मागे दुसरी पत्ती पाचरीसारखी ठेवावी, नाहीतर थंड होणारा ग्लू पुन्हा धरतो. अडखळल्यास थांबावे. अडखळण्याचे कारण दोहोंपैकी एक : खालचा ग्लू अजून थंड आहे, किंवा पाते सांधा सोडून लाकडाच्या रेषांत शिरले आहे. कडेला कोवळी, उजळ ढलपी दिसली तर दुसरे कारण समजावे, पाते मागे घ्यावे आणि उलट दिशेने, म्हणजे रेषा वर चढत असतील त्या बाजूने यावे. ढलपी फेकू नये. ती त्याच जागी परत चिकटविली तर सांध्यात खळगा राहत नाही.

अकूस्टिक गिटारवर साधारण चौदाव्या फ्रेटपुढचा भाग थेट पुढच्या फळीवर चिकटलेला असतो. तो आधी सोडवावा. फळीवर पुठ्ठा व फॉइलची ढाल ठेवावी. फळीला आतून लावलेल्या आधारपट्ट्यांचा ग्लूही त्याच तापमानाला मऊ पडतो.

पट्टी सुटताच ती दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून पूर्ण थंड होऊ द्यावी. वरच्या बाजूचा ओलावा उडालेला असतो आणि फ्रेटचे दाते खाचा फाकवीत असतात. मोकळी ठेवलेली पट्टी तासाभरात कमानीसारखी वाकते. २४ ते ४८ तास दाबून ठेवणे बरे.

*सांधा साफ करणे.* वाळलेल्या पांढऱ्या किंवा पिवळ्या ग्लूवर नवा ग्लू धरत नाही. जुना थर कोमट पाणी व व्हिनेगर लावलेल्या कापडाने मऊ करून खरडपट्टीने काढावा. पॉलिश पेपर फक्त सपाट, लांब ठोकळ्यावर लावून वापरावा. बोटाने घासल्यास कडा गोल होतात आणि सांध्याची रेषा कायम दिसत राहते. नेकचे लाकूड शक्यतो घासू नये, खुणेच्या भोकांची खोली कमी होते.

*कोल्हापुरातील हवा व साधने.* जून ते सप्टेंबर कोल्हापुरात सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि मार्चमधील दुपारी ती बरीच खाली येते. ८५ टक्के आर्द्रतेत लाकूड सुमारे १८ टक्के ओलाव्यावर स्थिरावते, ४५ टक्क्यांत साडेआठच्या आसपास. एवढ्या फरकाने ५० मिमी. रुंदीची शिसवी पट्टी, उभ्या चिरीची (वाढीची वलये पृष्ठभागाशी काटकोनात) असल्यास साधारण पाव ते अर्धा मिमी. आकसते; आडव्या चिरीची त्याच्या दुपटीने. जुलैत चिकटविलेल्या पट्टीतून उन्हाळ्यात फ्रेटची टोके बाहेर येऊन हाताला लागतात, त्याचे मूळ इथे आहे. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. पावसाळ्यात करावेच लागले, तर नेक व पट्टी दोन्ही सिलिका जेलसह बंद डब्यात आर्द्रतामापी ४५ ते ५५ टक्के दाखवीपर्यंत, किमान आठवडाभर, एकत्र ठेवावीत. फक्त पट्टी वाळवून ओल्या नेकवर बसविणे सर्वांत वाईट.

खरा सपाट ठोकळा हे घरच्या कामातील उणे अंग. लाकडी फूटपट्टी किंवा फर्निचरची फळी पुरेशी सरळ नसते. कोल्हापूरकराला ही अडचण कमी पडते : शिवाजी उद्यमनगरातील मशिनशॉपमधून २५ × ५० मिमी. ॲल्युमिनियम बारचा ५०० मिमी. तुकडा दोन बाजूंनी मशिनिंग करून घेता येतो. तोच तापविण्यासाठी, घासण्यासाठी व दाबण्यासाठी चालतो. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. सुमारे ५० किमी.वरील मिरजेत तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची मानतात; मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे बांधलेले व सरकविता येणारे असल्याने तिथल्या पद्धती गिटारच्या पट्टीला जशाच्या तशा लागू होत नाहीत, मात्र जुने लाकूड कसे वाळवावे व निवडावे, हे ज्ञान उपयोगी पडते.

*पुन्हा बसविणे.* रॉड दुरुस्त करून तटस्थ स्थितीत ठेवावा व नेक सरळ आहे याची ठोकळ्यावर खात्री करावी. ग्लूशिवाय एकदा पूर्ण क्लॅम्प लावून पाहावे. सांध्याचे क्षेत्रफळ सुमारे २३० चौ. सेंमी. असते, त्याला ४ ते ५ ग्रॅम ग्लू पुरतो. रॉडच्या खाचेवर अरुंद मास्किंग टेप लावून ग्लू फक्त नेकवर, जुन्या प्लॅस्टिक कार्डने पातळ पसरावा आणि टेप लगेच काढावी. रॉडमध्ये ग्लू शिरला तर सगळी दुरुस्ती वाया. साधा, जलरोधक नसलेला ग्लू निवडावा, म्हणजे पुढे सांधा पुन्हा उघडता येतो. जलरोधक प्रकार आणि सनमायकासाठीचा रबरी ग्लू टाळावा. रबरी थर ताणाखाली हळूहळू सरकत राहतो. पाण्याच्या ग्लूने पट्टीचा तळ फुगून नेक थोडा मागे वाकतो, या कारणासाठी काही कारागीर इपॉक्सी पसंत करतात. पण पुढची दुरुस्ती ज्याच्या हाती जाईल त्याचा विचार केला, तर साधा ग्लू व धीर हाच पर्याय बरा.

पिनांना मेण लावून पट्टी बसवावी. वर पट्टीच्या गोलाईशी जुळणारा लाकडी ठोकळा (३०५ मिमी. त्रिज्येच्या पट्टीला तीच त्रिज्या) आणि नेकखाली रबर ठेवून दर ६ ते ७ सेंमी.वर एक, असे सात क्लॅम्प मध्यापासून टोकांकडे लावावेत. सपाट ठोकळा गोल पट्टीचा फक्त मधला भाग दाबतो व कडा उघड्या राहतात. क्लॅम्प कमी असल्यास सायकलच्या ट्यूबची २५ मिमी. रुंद पट्टी कापून नेकभोवती ताणून गुंडाळावी. तिचा दाब चांगला सारखा पडतो. दोन्ही कडांवर बारीक मण्यांसारखा ग्लू सर्वत्र दिसला पाहिजे. तीसचाळीस मिनिटांनी पिना काढाव्यात, कडा ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि क्लॅम्प २४ तास, पावसाळ्यात ४८ तास ठेवावेत.

त्यानंतर काढलेले दोन फ्रेट व नट बसवून तारा एका दिवसात अर्ध्या ताणावर, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात आणाव्यात. मध्यम पोलादी तारांचा अकूस्टिकवरील एकूण ताण सत्तर किलोंच्या पुढे जातो, हलक्या तारांच्या इलेक्ट्रिकवर पंचेचाळीसच्या आसपास असतो. पहिला व शेवटचा फ्रेट दाबून सातव्या फ्रेटवर फीलर गेजने फट पाहावी : इलेक्ट्रिकवर ०.१ ते ०.२५ मिमी., अकूस्टिकवर ०.२ ते ०.३५ मिमी. असावी. फट त्याहून कमी असेल तर लगेच रॉड फिरवू नये. सांध्यातील पाणी उडायला दोन आठवडे लागतात आणि तेवढ्यात नेक बहुधा आपोआप पुढे येतो.