पेशीतली टाकी अन् रात्री जागणारा आतेभाऊ

आमच्या आतेभावाला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार चढतो तर कधी फार उतरतो असा आजार, परभणीकडं असतो. रात्री दोनला बघावं तर अंगणात मोटारीचा स्टार्टर खोलून बसलेला, सकाळी दहाला हलवलं तरी उठायचं नाव नाही. गावाचं निदान ठरलेलं, बाहेरचं झालंय, अंगारा लावा. शिकलेले सांगणार पहाटे चारला उठवा, लातूरची लेकरं बघा कशी उठतात. मला दोन्हींचा सारखाच राग येतो, कारण झोप कधी येणार हे बऱ्यापैकी जीन्सवर असतं, अन् बायपोलरवाल्यांत रात्रवाले, म्हणजे उशिरा झोपून उशिरा उठणारे, इतरांपेक्षा जास्त सापडतात.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. शेतातली टाकी डोळ्यापुढं आणा, भरली की फ्लोट वर येतो अन् मोटार बंद, पाणी उतरलं की परत चालू. पेशीतली मोटार म्हणजे क्लॉक अन् बीमाल-१ ही दोन प्रोटीनं, ती पीईआर आणि क्राय नावाचे जीन्स चालू करतात, त्यातून बनलेली प्रोटीनं हळूहळू साठतात, केंद्रकात शिरतात अन् ज्यांनी बनवायला लावलं त्यांनाच गप्प करतात, मग साठा मोडत जातो, संपला की परत पहिल्यापासून. अशी एक फेरी साधारण २४ तासांची. आता पाणी किती वेगानं उतरतं तिथंच सगळी गंमत आहे. केसीन कायनेज नावाचं एन्झाइम पीईआरला फॉस्फेटच्या खुणा चिकटवतं, खूण कुठं बसली त्यावर ते टिकणार का मोडणार हे ठरतं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ, पीईआर-२ या माळेत ६६२ व्या जागेवरचा सेरीन नावाचा मणी जाऊन ग्लायसीन आला, बास एवढंच, तर ते लवकर मोडतं, फेरी आखूड होते अन् माणूस संध्याकाळी साडेसातलाच पेंगायला लागतो. असं कुटुंब अमेरिकेत सापडलं, २००१ मध्ये ते छापून आलं. उलट क्राय-१ मधला एक बदल ब्रेक जास्त घट्ट लावतो, मग फेरी लांबते अन् झोप पुढं सरकते.

पण सगळं एका जीनवर नसतं. २०१९ मध्ये जवळपास ७ लाख लोकांचा डीएनए तपासला तर सकाळवाले-रात्रवालेपणाशी जोडलेल्या ३५१ जागा निघाल्या, एकेकीचा वाटा चिमूटभर. बायपोलरचंही तसंच, म्हणून लाळ पाठवा, डीएनए बघून उठायची वेळ कळवतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. अन् रात्रवाला म्हणजे बायपोलर असंही नाही, आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची असली की अख्खं गाव रात्रवालं होतं.

बायपोलरवरचं जुनं औषध लिथियम, १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर जॉन केडनं पुढं आणलेलं, ते जीएसके-३ नावाचं एन्झाइम दाबतं अन् हे एन्झाइम घड्याळाच्या प्रोटीनांवर पण खुणा चिकटवतं. पेशींवर लिथियम टाकलं की फेरी लांबते, म्हणजे रात्रवाल्याला अजून उशीर व्हायला पाहिजे ना? पण एका अभ्यासात लिथियमचा गुण आलेले लोक जास्त करून सकाळवाले निघाले.

आतेभावाचं लिथियम चालू आहे, अधूनमधून रक्त तपासून लेव्हल बघतात. डॉक्टरांनी उठायची वेळ रोज एकच ठेवा म्हणून सांगितलं, पहाटे चार नाही, सव्वासात. आत्या त्या वेळी खिडकी उघडून चहा ठेवते. स्टार्टर मात्र अजून खोललेलाच पडलाय.