न्यूग्रेंज थडग्याची पुनर्बांधणी

न्यूग्रेंज हे आयर्लंडच्या मीथ काउंटीत, बॉइन नदीच्या खोऱ्यातलं नवाश्मयुगीन थडगं. इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं. फोटोत पहिली नजर जाते ती दाराच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्याशुभ्र गारगोटीच्या भिंतीवर, आणि गंमत म्हणजे दगड जुने असले तरी भिंत म्हणून ती जेमतेम पन्नासएक वर्षांची आहे.

थडग्याचं तोंड सापडलं १६९९ मध्ये, तेसुद्धा चार्ल्स कॅम्पबेल नावाच्या जमीनमालकाला दगड हवे होते म्हणून. खरं शास्त्रशुद्ध उत्खनन मात्र १९६२ ते १९७५ मध्ये मायकेल ओ'केली यांनी केलं. थडग्यावर रचलेल्या टेकाडाला खालून ९७ मोठ्या दगडांचं कडं आहे. त्या कड्याच्या बाहेर, दाराच्या बाजूला, घसरून आलेल्या दगडांखाली त्यांना गारगोटीचा आणि ग्रॅनाइटच्या गोट्यांचा थर लागला. गारगोटी दक्षिणेकडच्या विकलो डोंगरांतली, म्हणजे कुणीतरी एवढ्या लांबून मुद्दाम वाहून आणलेली. ओ'केलींचं म्हणणं असं की ही कड्यावर उभी असलेली भिंत होती आणि ती पुढे कोसळली. नुसतं म्हणून थांबले नाहीत, भिंत रचून, पाडून दगड कसे पसरतात तेही बघितलं. मग भिंत जवळजवळ सरळ उभी केली, पण मागे आरसीसी घालून.

टीकाकारांनी नेमकं इथेच धरलं. आज लोखंड-सिमेंट लागतं तर पाच हजार वर्षांपूर्वी एवढी उभी भिंत टिकली कशी? काहींच्या मते गारगोटी दारासमोर जमिनीवर अंथरलेली होती, आणि जवळच्याच नाउथ थडग्यात पुरातत्त्वज्ञ जॉर्ज ओगन यांनी ती तशीच जमिनीवर ठेवलीय. मला हे जास्त पटतं, निदान त्यात खोटं उभं केलेलं काही नाही. दारापाशी काळ्या दगडाच्या आत वळलेल्या भिंती दिसतात त्या तर प्राचीन नाहीतच, पर्यटकांना ये-जा करता यावी म्हणून केलेल्या आहेत, पण हे सांगितल्याशिवाय कळत नाही ना.

आतला भाग वेगळा. १९ मीटरच्या वाटेतले कललेले दगड सरळ केले, पण खोलीचं सहाएक मीटर उंच छत, एकेक दगड थोडा पुढे सरकवत रचलेलं, मूळचंच आहे आणि अजूनही गळत नाही (आपल्या स्लॅबला दोन पावसाळ्यांत ओल येते!). दारावरच्या झरोक्यातून हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास सकाळी सतराएक मिनिटं ऊन खोलीपर्यंत पोचतं, ओ'केलींनी ते २१ डिसेंबर १९६७ ला स्वतः आत बसून बघितलं.

या पांढऱ्या भिंतीला मनुका लावलेला चीजकेक म्हणून हिणवणारे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जिओ यांनी स्वतः ब्रिटनी प्रांतातलं बार्नेनेझ दुरुस्त केलं. सुमारे ७२ मीटर लांब, अकरा खोल्यांचं हे थडगं १९५५ मध्ये एका कंत्राटदाराने खडी-दगडासाठी फोडायला घेतलं होतं. जिओंनी बाकीचं नीट केलं, पण फोडलेली बाजू बुजवली नाही, त्यामुळे आज तिथे उभं राहिलं की कापलेल्या फणसासारख्या आतल्या खोल्या सरळ दिसतात.