चिकन धुतल्याने जंतू जात नाहीत

रविवारी नाशकात, सिडको असो की पंचवटी, चिकन घरी आलं की थेट नळाखाली जातं. हळद-मीठ चोळून तीनदा धुतलं की जंतू गेले, हा समज चुकीचा. उलट शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीवर उडतात. हळद लावाच, पण चवीसाठी.

दुसरा गैरसमज म्हणजे अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू शिजवूनही मरत नाहीत. मरतात. औषध पचवणं वेगळं, उष्णता सोसणं वेगळं. तुकड्याच्या गाभ्यात ७४ अंश सेल्सिअस पुरे. रश्शात उकळलेले तुकडे सहज तिथे पोचतात, तंदुरीचं हाडालगतचं मांस मात्र कच्चं राहू शकतं.

खरी गडबड त्याआधीच होते: चिकनची विळी नुसती पाण्याने विसळून तिच्यावरच कांदा चिरला जातो. विळी आणि हात साबणाने धुवा, हात किमान २० सेकंद. फ्रिजमध्ये पिशवी झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात.