मधमाशीपालन, नाशिक जिल्ह्यातील

नाशिक जिल्ह्यात शेतीला जोड म्हणून केला जाणारा व्यवसाय. मध आणि मेण ही त्याची उघड मिळकत. पण इथली पिके पाहता परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देण्यातही मोठी संधी आहे. द्राक्षाला मधमाशीची फारशी गरज नाही, त्याच्या फुलात स्वपरागण होते. गरज आहे ती कांद्याच्या बियाण्याला.

कांद्याच्या गोंड्यातील प्रत्येक फुलात पराग आधी झडतात, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून यावे लागतात आणि ते मुख्यतः कीटक आणतात. गोंडा भरगच्च फुलूनही बोंडात बी कमी भरले, तर शेतकऱ्याने आधी मधमाश्यांची ये-जा पाहावी. चांदवड, येवला, निफाड या कांद्याच्या पट्ट्यात त्यामुळे पेटीला मोल आहे. सटाणा, मालेगावकडे डाळिंबाच्या बहरातही मधमाश्यांमुळे फळधारणा सुधारते.

पेट्या रात्री हलवतात. तिन्हीसांजेला माश्या परतल्या की दार बंद करायचे, पेटी पट्ट्याने आवळायची आणि उजाडण्याआधी नव्या शेतात मांडायची. दिवसा हलवली तर बाहेर गेलेल्या कामकरी माश्या मागेच राहतात.

पेट्यांत सातेरी व मेलिफेरा या जाती पाळतात. सातेरी इथलीच, तिच्या पेटीतून वर्षाला साधारण 5 ते 10 किलो मध मिळतो. मेलिफेरा ही बाहेरून आणलेली युरोपीय माशी याहून बराच जास्त देते, पण फुलोऱ्यामागे पेट्या फिरवाव्या लागतात आणि वाहतुकीचा खर्च वाढतो. आग्या माशी पेटीत राहत नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आदिवासीबहुल तालुक्यांत जांभूळ, हिरडा आणि पावसाळ्याअखेर पिवळी होणारी खुरासणीची शेते हा माश्यांचा चारा. तिथे सातेरीच योग्य. पोळे पिळून काढलेल्या मधात पिलेही चिरडतात. पेटीत मात्र वरच्या कोठीतील मेणाने बंद झालेल्या चौकटीच मधयंत्रात फिरवतात, पिलांच्या खालच्या कोठीला हात लागत नाही. मुसळधार पावसाच्या महिन्यांत फुले नसतात. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. ज्याने हा खर्च टाळला, त्याची वसाहत पेटी सोडून जाते.

प्रशिक्षण व अनुदानाचे काम राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ पाहते. त्याचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. जिल्ह्यातला सर्वांत मोठा अडथळा मात्र फवारणीचा. फुलोऱ्यात कीटकनाशक मारणे टाळावे. मारणे भागच असेल, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी मारावे आणि शेजारच्या पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगावे. पेटी भाड्याने देण्याचा व्यवहार ठरतानाच ही अट घालून घ्यावी.