काडतूस दमट की पिन आळशी?

चाप ओढला, घोडा 'टक्' करून पडला आणि बार उडालाच नाही. कोकणात शेतीसंरक्षण परवान्यावरच्या बारा बोअर बंदुकांची ही नेहमीची रड. दोष काडतुसात असो वा काडतुसावर ठोका देणाऱ्या पिनेत, आवाज एकच. म्हणून कुणी चांगली काडतुसं टाकून देतं, तर कुणी धडधाकट बंदूक कारागिराकडे नेतं.

नळी निर्धोक दिशेला रोखून निदान ३० सेकंद तशीच धरा. दारू कधी कधी उशिरा पेट घेते. मग बंदूक उघडून काडतुसाच्या बुडाची टोपी, म्हणजे ठोका बसला की पेटून दारू पेटवणारी छोटी चकती, उजेडात बघा. तिच्यावर पिनेने पाडलेला खड्डा मधोमध, गोल आणि खोल असेल तर पिनेने आपलं काम केलंय, काडतूसच दमट. पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर शंकाच नको. खड्डा नखाला जेमतेम लागेल इतका उथळ असेल तर बोट बंदुकीकडे: कमान (स्प्रिंग) थकलीय किंवा पिनेच्या भोकात मळ साचलाय. खड्डा एका अंगाला सरकलेला असेल तर टोक झिजलंय नाहीतर सांधा ढिला आहे. अजिबात खूण नसेल तर पिन तुटली किंवा अडकली.

इथे एक गोम आहे. पावसाळ्यात फुगलेलं काडतूस नळीतल्या आपल्या खाचेत पुरतं बसत नाही, बंदूक केसभर उघडी राहते आणि खड्डा उथळच पडतो. म्हणजे दोष काडतुसाचा, आळ पिनेवर. काडतूस बोटाने सहज आत जायला हवं. रेटावं लागलं तर ते बाजूला ठेवा.

दुनळी असेल तर निवाडा सोपा. एकाच खोक्यातली काडतुसं उजवीत उडतात, डावीत नाहीत, तर डावीची पिन किंवा कमान. दोन्हीकडे चुकतात तर खोकंच गेलंय.

हंगामही बोलतो. आषाढ-श्रावणात बार चुकला तर आधी काडतुसावर संशय घ्या. पौषातल्या गारठ्याच्या पहाटे चुकला आणि बंदुकीला खोबरेल चोपडलेलं असेल, तर पिन गोठलेल्या तेलात रुतलीय. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, जुनं झालं की चिकटतं; केसांना ठीक, बंदुकीला नाही. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून पिनेचं भोक रॉकेलने धुवा, कोरडं पुसा आणि बंदुकीच्या पातळ तेलाचा एकच थेंब द्या. बाहेरच्या घोड्याच्या बंदुकीत चाप दाबून धरून घोडा अंगठ्याने पुढे रेटला की पिनेचं टोक साधारण दीड मिलिमीटर बाहेर यावं, गोल आणि गुळगुळीत. कानशीने घासायच्या भानगडीत पडू नका. तेल जास्त झालं की ते टोपीत झिरपून चांगलं काडतूसही मारतं.

काडतुसं चुलीवरच्या माळ्यावर किंवा उन्हात सुकवणं हा शुद्ध मूर्खपणा. सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात, कुलपात ठेवा.

'टक्' ऐवजी 'फुस्स' झालं तर मात्र मामला वेगळा. टोपी पेटली, पण दमट दारूने नीट धक्का दिला नाही, आणि दारू व छऱ्यांमधलं बूच नळीत अडकलेलं असू शकतं. त्यावर दुसरा बार टाकला तर नळी फाटते. तेव्हा बंदूक उघडून, रिकामी करून, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचं काडतूस हातातही घेऊ नका. उजेड दिसला नाही तर गज ठोकत बसू नका, थेट परवानाधारक कारागीर गाठा. त्याला नळी कुठली, हंगाम कुठला आणि टोपीवरच्या खड्ड्याचा फोटो दाखवा; न उडालेलं काडतूस खिशात घालून एसटीत बसू नका.