सोन्याचा पट आणि चांदीचा पट (पनामा कालवा)

पनामा कालव्याच्या अमेरिकी बांधकामात (१९०४–१४) आणि पुढे कित्येक दशके कालवा क्षेत्रात (कालव्याभोवतीच्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पट्ट्यात) चाललेली, वर्णावर आधारलेली वेतनपद्धती. इंग्रजीत हे पट, म्हणजे पगाराच्या याद्या, ‘गोल्ड रोल’ आणि ‘सिल्व्हर रोल’ म्हणून ओळखले जात.

सुरुवातीला हा फरक नाण्यांचा होता. अमेरिकेतून आलेल्या कुशल कामगारांना सुवर्णाधारित डॉलरमध्ये पगार मिळे, मजुरांना पनामाच्या चांदीच्या नाण्यांत. पण थोड्याच वर्षांत ‘सोने’ म्हणजे गोरे अमेरिकी आणि ‘चांदी’ म्हणजे प्रामुख्याने कॅरिबियन बेटांवरचे काळे, असा अर्थ पक्का झाला. सोन्याच्या पटावर असलेल्या कुशल काळ्या कामगारांपैकी बहुतेकांना चांदीच्या पटावर ढकलण्यात आले. पोस्टाच्या खिडक्या, दुकाने, शाळा, रुग्णालयातले कक्ष, पिण्याच्या पाण्याचे नळ, सगळ्यांवर याच दोन धातूंची नावे होती. कातडीच्या रंगाचा उल्लेखही न करता वर्णभेद चालवण्याची सोय या शब्दांनी करून दिली.

एकट्या बार्बाडोसहून सुमारे २०,००० मजूर भरती करून आणले गेले. त्यांचा ठरलेला दर तासाला १० सेंट. दिवस दहा तासांचा, आठवडा सहा दिवसांचा. स्पेनहून आलेल्या मजुरांचे नावही चांदीच्याच पटावर असे, पण त्याच फावड्याला त्यांना तासाला २० सेंट मिळत. या व्यवस्थेचा खरा चेहरा इथे उघडा पडतो: काम तेच, कौशल्य तेच, दाम मात्र दुप्पट. सोन्याच्या पटावरच्यांना वर फुकट सुसज्ज घर, भरपगारी रजा आणि आजारपणाची रजाही असे. चांदीवाल्यांच्या वाट्याला कॅनव्हासच्या खाटा दाटीवाटीने लावलेल्या बराकी येत. अनेक जण कोलोन आणि पनामा शहरातल्या कोंदट चाळींत, डासांच्या जाळ्यांविना राहत.

मृत्यूंची वाटणीही तशीच झाली. अमेरिकी काळात अधिकृत नोंदीनुसार ५,६०९ जण दगावले. त्यांतले सुमारे ४,५०० कॅरिबियन होते. सुरुंग लावायचे, दगडमाती उपसायची, ही जिवावरची कामे त्यांच्याकडे होती. पावसात भिजलेल्या अंगाला कोरडे कपडेही मिळत नसत, आणि न्यूमोनियाने अनेकांचा बळी घेतला.

फेब्रुवारी १९२० मध्ये बार्बाडोसचे शिक्षक विल्यम प्रेस्टन स्टाउट यांच्या नेतृत्वाखाली हजारो चांदीवाले संपावर गेले. संपकऱ्यांना कालवा क्षेत्रातल्या घरांतून बाहेर काढण्यात आले आणि संप मोडला. आयुष्य कालव्यावर घालवलेल्या, हातपाय थकलेल्या कामगारांसाठी १९३७ मध्ये मदतीचा कायदा झाला. सेवेच्या दर वर्षामागे महिना एक डॉलर, पण कमाल मर्यादा पंचवीस डॉलर.

१९४८ मध्ये पाट्यांवरून आणि कागदपत्रांतून ‘सोने’, ‘चांदी’ हे शब्द गेले. त्यांच्या जागी ‘अमेरिकी दर’ आणि ‘स्थानिक दर’ आले, पगारातली दरी राहिली. समान मूळ वेतनाचे वचन पनामाने अमेरिकेशी झालेल्या १९५५ च्या रेमोन–आयझेनहॉवर तहात मिळवले. अमेरिकी नागरिकांना उष्ण प्रदेशात काम करण्याचा वेगळा भत्ता मात्र त्यानंतरही मिळत राहिला.