मातीच्या पाइपची तुटकी नळी आणि तिच्यातून निघणारे साल

इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतींमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातल्या वस्तीचे उत्खनन सुरू झाले, की तंबाखू ओढायच्या पांढऱ्या मातीच्या पाइपचे तुकडे हमखास निघतात. पाइप स्वस्त आणि ठिसूळ असे. तुटला की फेकून देत. त्यामुळे बनल्यानंतर थोड्याच काळात तो मातीत जाई. नाणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरते. कालनिश्चितीला पाइपच्या तुकड्यांइतकी सोयीची वस्तू क्वचितच मिळते.

पाइप करताना मातीची वळी वळून थोडी सुकू देत आणि तिच्यात लांब तार सरकवत. मग तारेसकट वळी लोखंडी साच्यात दाबत आणि वरून दट्ट्या घालून तंबाखूची वाटी पोकळ करत. म्हणजे नळीचे भोक तारेच्या जाडीचे. पुढे नळ्या लांब होत गेल्या, तशी तार बारीक होत गेली.

हा बदल अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये मांडला. त्यांचे एकक १/६४ इंच, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची भोके बहुधा ९/६४ इंचाची, तर अठराव्याच्या उत्तरार्धातली ४/६४ ची. मापायला साधे ड्रिल बिट पुरतात. आधी भोकातली माती काढायची, मग बिटची मागची गुळगुळीत बाजू हलकेच घालून बघायची. धारेची बाजू घातली तर भोक खरवडते आणि माप फुगते.

१९६२ मध्ये अमेरिकी पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी यावर सूत्र बसवले: याच एककातल्या मापांच्या सरासरीला ३८.२६ ने गुणायचे आणि गुणाकार १९३१.८५ मधून वजा करायचा. सरासरी ६.५ आली तर साल निघते १६८३.

हे साल मोहक असले तरी जपून वापरावे. सरासरी एका एककाने चुकली तर उत्तर ३८ वर्षे सरकते. एकाच काळात जाड-बारीक तारा वापरात होत्या, त्यामुळे एकदोन तुकड्यांवरून काही ठरत नाही. शंभर वर्षे वापरलेल्या जागेची सरासरी काढली, तर मधलेच कुठलेतरी निरर्थक साल मिळते. सूत्र इंग्रजी पाइपांचे आहे. त्यात डच पाइप मिसळले की उत्तर बिघडते. अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर तर ते चालतच नाही, कारण ते खरे मानले तर १९३२ च्या सुमारास भोकच उरायला नको!

म्हणून वाटीचा तुकडा हाती असेल, तर आधी तोच पाहावा. सुरुवातीच्या वाट्या अगदी लहान, कारण तंबाखू महाग होता. तो स्वस्त झाला तशा त्या मोठ्या होत गेल्या. वाटीच्या बुडाशी कारागिराची अक्षरे उमटलेली असली आणि त्याचे नाव जुन्या दफ्तरात सापडले, तर कालखंड काही दशकांपर्यंत नेमका लागतो.